परीक्षा आणि मोह

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळ सेंट जेम्स नावाचे एक जुने, पिवळ्या रंगाचे, घुमट असलेले चर्च आहे. कर्नल जेम्स स्किनर यांनी ते स्वखर्चाने उभारले आणि १८३६ साली त्याचे समर्पण झाले. मराठी वाचकाला स्किनर अगदीच परके नाहीत. १८०३ पर्यंत ते शिंद्यांच्या फौजेत होते. तरुणपणी एका लढाईत जखमी होऊन रणांगणावर पडले असताना, जगलो वाचलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, अशी हकीकत सांगतात. १८५७ च्या धामधुमीत या चर्चच्या घुमटावरील गोळा आणि क्रूस बंदुकीच्या गोळ्यांनी चाळणीसारखे झाले. आवारात थडगी आहेत, भिंतींवर स्मृतिशिला आहेत. कोण केव्हा जन्मला, कोणत्या पलटणीत होता, कोणत्या तापाने वा कोणत्या लढाईत गेला, हे सारे त्यांवर कोरलेले आढळते. माणसाने स्वतःशी दिलेली झुंज मात्र शिळेवर कोरण्याची रीत नाही. तिची नोंद झालीच तर ती कुठल्या तरी पत्रात, आत्मकथनात किंवा अर्जात होते, आणि अर्ज हा प्रकार साहित्यात कोणी धरीत नाही.

असाच एक अर्ज मास्टर रामचंद्र यांचा आहे. रामचंद्र हे १८२१ साली पानिपतला कायस्थ कुटुंबात जन्मले. पानिपत म्हटले की मराठी मनात एकच गोष्ट उभी राहते. परंतु त्या गावाने साठ वर्षांनंतर हिंदुस्थानला एक गणितज्ञ दिला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. दिल्ली कॉलेजात ते गणित शिकवीत. महत्तम आणि लघुतम मूल्यांच्या प्रश्नांवर त्यांनी १८५० साली लिहिलेला ग्रंथ लंडनच्या डी मॉर्गन या विख्यात गणितज्ञाच्या नजरेस पडला आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १८५९ साली तिकडे पुन्हा छापला गेला. रामचंद्रांनी उर्दूत नियतकालिके चालविली, अंधश्रद्धांवर लिहिले, नव्या विद्येचा पुरस्कार केला. धर्म हा अडाण्यांचा विषय आहे, शिकल्यासवरल्या माणसाला त्याची गरज नाही, असे तरुणपणी त्यांचे मत होते. एकदा केवळ कुतूहलापोटी ते चर्चमध्ये गेले. तेथे ज्यांच्या विद्वत्तेविषयी त्यांना आदर होता असे काही इंग्रज गृहस्थ गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करताना त्यांनी पाहिले. आपला समज चुकला असावा, या शंकेने त्यांनी नवा करार वाचावयास घेतला. पुढे १८५२ च्या जुलैमध्ये, बादशहाचे एक वैद्य असलेले डॉ. चिमणलाल आणि रामचंद्र या दोघांनी सेंट जेम्समध्ये बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठीच खळबळ उडाली.

पाच वर्षांनी ११ मे १८५७ रोजी मेरठची पलटण दिल्लीत शिरली. त्याच दिवशी डॉ. चिमणलाल मारले गेले. रामचंद्र लपूनछपून शहराबाहेर निसटले आणि यथावकाश इंग्रजांच्या छावणीत पोहोचले. सप्टेंबरात दिल्ली पडली. परतलेल्या रामचंद्रांना सरकारी काम मिळाले, राहावयास घर मिळाले. आता संकट सरले असे वाटावे, तो निराळेच संकट सुरू झाले. विजयाच्या धुंदीत असलेले काही इंग्रज अधिकारी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही ‘काळ्या’ माणसाला त्रास देऊन करमणूक करून घेत. रामचंद्रांना काठीचा मार बसला. आपण ख्रिस्ती आहो, सरकारी नोकर आहो, असे सांगूनही तो थांबला नाही. १८५७ च्या नोव्हेंबरात त्यांनी दिल्लीच्या लष्करी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. तिच्यातील एक विचार असा आहे: बंडवाल्यांच्या हातून जीव धोक्यात असता, आपल्याला श्रद्धेपायी हे सोसावे लागत आहे, एवढे तरी समाधान एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला असते, पण आपल्याच धर्माचा माणूस केवळ कातडीच्या रंगासाठी मारतो, तेव्हा ते समाधानही उरत नाही.

या तक्रारीतील तर्क गणितज्ञाला शोभेल असा नेमका आहे. शत्रूने केलेल्या छळाने श्रद्धा बळावते, असा जगाचा अनुभव आहे. धर्मबांधवाने केलेल्या छळाने ती मुळापासून हलते. त्यातही रामचंद्रांच्या बाबतीत दुःखाला एक विलक्षण पीळ होता. गुडघे टेकलेला इंग्रज पाहून ज्या माणसाची पावले या वाटेला लागली, त्याच्याच डोक्यावर इंग्रजाची काठी बसली. ते दृश्य खोटे होते काय? ती प्रार्थना ढोंगी होती काय? असे प्रश्न मनात येणे स्वाभाविक होते, आणि सारे सोडून द्यावे, निदान सूडाचे विष मनात साठवावे, याहून सोपे काही नव्हते. रामचंद्रांनी दोन्ही केले नाही. त्याचबरोबर, ख्रिस्ती माणसाने मुकाट्याने सोसावे असा अर्थ करून ते गप्पही बसले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि अन्याय हा अन्याय आहे, असे शाईने लिहिले. नंतर ते रुडकीला व मग दिल्लीत शिक्षक म्हणून काम करीत राहिले, पुढे पटियाळा संस्थानात शिक्षणाचा कारभार पाहिला, आणि १८८० साली वारले तोवर आपल्या श्रद्धेपासून ढळले नाहीत. आध्यात्मिक झुंजीसंबंधी जी पुस्तके लिहिली जातात त्यांत सहनशीलतेचे गुणगान विपुल असते. लेखी तक्रारीला त्या गुणांत कोणी स्थान देत नाही. ते द्यावयास हवे.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत एक शब्द येतो: परीक्षा. तीत आपल्याला नेऊ नये, अशी देवाजवळ याचना असते. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. त्याचे दोन अर्थ आहेत. एक, बाहेरून येणारी कसोटी, संकट, छळ. आणि दुसरा, आतून येणारा मोह, भुरळ. ग्रीकांना एका शब्दात जे भागले त्यासाठी मराठीला दोन शब्द वापरावे लागतात. कुठे ‘परीक्षा’ म्हणावे लागते, कुठे ‘मोह’. श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली नवा करार मराठीत १८११ साली छापून निघाला तेव्हापासून भाषांतरकार या आणि अशा शब्दांशी झटत आले. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याची छपाई केली. १९२२ साली बाईंनी देह ठेवला तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. अडाणी बाईलाही कळावे, हा त्यांचा आग्रह होता. कारण परीक्षा आणि मोह यांची गाठ पंडितापेक्षा तिच्याशीच अधिक वेळा पडते.

एकाच शब्दात दोन्ही अर्थ मावतात, ही केवळ भाषेची कंजुषी नसावी. एकच प्रसंग बाहेरून पाहिला तर परीक्षा असतो, आतून पाहिला तर मोह. घरात पैसा नाही, ही परीक्षा. त्यामुळे समोर आलेले पाकीट घ्यावेसे वाटणे, हा मोह. मास्टर रामचंद्रांवर पडलेली काठी ही परीक्षा होती. द्वेष हा तिच्या पोटातला मोह होता. अरण्यातील येशूच्या कथेतही हेच आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भूक लागली, ही साधी देहाची गोष्ट. मग सैतान येऊन पहिल्याने काय सुचवितो? चोरी नाही, व्यभिचार नाही, खून नाही. धोंड्यांची भाकर कर, एवढेच. भुकेल्याने भाकर खावी यात गैर ते काय? मोहाचे खरे रूप असे समंजस असते. तो बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात व्यवहार असतो, कधी वचनांचा आधारही असतो. त्या कथेतला सैतान शास्त्रवचन तोंडपाठ म्हणून दाखवितो, ही गोष्ट उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे.

मराठीत या झुंजीचे सर्वांत प्रामाणिक चित्र शोधावयाचे तर ‘स्मृतिचित्रे’ उघडावी लागतात. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या नवऱ्याला कोठेही संत करून ठेवलेले नाही. नारायण वामन टिळक हे थोर कवी आणि थोर भक्त. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो डोंगरावरील प्रवचनाने त्यांना आतून पकडले म्हणून. पण त्यांचा तापट स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळला नाही. क्षणात संतापणे, क्षणात पश्चात्ताप करणे, घरातली गरजेची वस्तू तिसऱ्यालाच देऊन टाकणे, ठरविलेला बेत वाटेत विसरणे हे सारे पूर्वीसारखेच चालू राहिले. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात. ज्या धर्मात शत्रूवरही प्रेम करावयास सांगितले आहे त्या धर्मात येऊनही माणसाला बायकोवर ओरडण्याचा मोह आवरत नाही, हे जिने रोज पाहिले तिच्याच लेखणीतून ते इतके निर्विष उतरावे, हे मराठी गद्याचे भाग्य.

लक्ष्मीबाईंची स्वतःची लढाई निराळी होती. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. माहेरी वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी लहानपणापासून सोसलेले. तरीही पतीकडे परतल्यावर त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. विवाद कोणी जिंकून त्यांना बदलले नाही. ही उच्चनीचता देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनीच आपल्या मनाला विचारला आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर मागे वळून पाहिले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण लक्षात घेण्यासारखे हे की, मनाने निर्णय घेतला तरी हात आणि जीभ लगेच तयार होत नाहीत. दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचे पहिल्यांदा खाताना घशाशी जी ओकारी येऊ पाहते ती विचाराने येत नाही आणि विचाराने जातही नाही. ती सवयीने हळूहळू मावळते. धर्मोपदेशक हृदयपालटाची तिथी सांगतात. पोटाच्या पालटाची तिथी कोणी टिपून ठेवीत नाही.

टिळकांपुढील अखेरचा मोह प्रतिष्ठेचा आणि पगाराचा होता. पंचावन्न उलटलेले वय, प्रकृती खालावलेली, ‘ज्ञानोदया’चे काम हाती, मिशनची नोकरी सुरक्षित. अशा वेळी १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही आपली कल्पना घेऊन निघाले. ख्रिस्ताचा अनुयायी या मातीत या मातीच्याच रीतीने राहावा, परक्या पैशावर नव्हे, असा त्यांचा ध्यास होता. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या सेतूवरच्या माणसाला मनाशी चाललेले अहोरात्र युद्ध काही नवे नव्हते. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. त्यांनी अर्धवट टाकलेल्या ‘ख्रिस्तायना’चे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकविली तिने.

पगार सोडणे हा मोहावरचा एक जय झाला. मिळत असलेला मान दुसऱ्याला देणे, हा त्याहून अवघड. त्याचे उदाहरण पुन्हा दिल्लीतच आहे. केंब्रिज विद्यापीठातील काही धर्मनिष्ठ तरुणांनी १८७७ साली दिल्लीत मिशन सुरू केले. त्यातून १८८१ साली सेंट स्टीफन्स कॉलेज निघाले. १९०४ च्या मार्चमध्ये चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हा तेहतीस वर्षांचा इंग्रज पाद्री तेथे शिकवावयास आला. कॉलेजात सुशीलकुमार रुद्र नावाचे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक होते. वयाने दहा वर्षांनी वडील, उपप्राचार्य, विद्यार्थ्यांचे लाडके. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले. प्राचार्य इंग्रजच असावयाचा, असा तोवरचा प्रघात. हिंदी माणसाच्या हाताखाली इंग्रज प्राध्यापक कसे काम करतील, पालकांचा विश्वास राहील काय, शिस्त टिकेल काय, असे आक्षेप होते. अँड्र्यूज यांनी ते पद स्वीकारण्यास साफ नकार दिला आणि रुद्रांना ते मिळावे म्हणून आग्रह धरला. रुद्र हे कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले.

येथे मोह कोणता होता, ते नीट पाहिले पाहिजे. अँड्र्यूज यांना कोणी लाच देऊ केली नव्हती. त्यांना एक चांगले काम, चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांकडून देऊ केले जात होते. मी हे पद घेतले तर कॉलेजचे भलेच होईल, पुढे योग्य वेळी रुद्रांना वाव देता येईल, असा युक्तिवाद कोणाही सज्जनाने स्वतःशी केला असता. अरण्यातल्या भाकरीसारखाच तो समंजस होता. आणि रुद्रांची परीक्षाही कमी नव्हती. नाकारलेल्या माणसाच्या औदार्यामुळे मिळालेल्या खुर्चीवर बसावयाचे, गोऱ्या सहकाऱ्यांकडून काम करून घ्यावयाचे, आणि तरीही आपण कोणाचे उपकृत आहो या भावनेने कडू व्हावयाचे नाही. घेणाऱ्याच्या मनाची झुंज देणाऱ्याइतकी चर्चिली जात नाही. उपकार स्वीकारून मैत्री अबाधित राखणे फार थोड्यांना जमते. त्या दोघांना ते जमले.

अँड्र्यूज यांची पुढची वाट सरळ नव्हती. १९१४ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत डर्बनला उतरताच त्यांनी वाकून गांधींच्या पायांना हात लावला, तेव्हा तेथील गोरा समाज संतापला. त्याच सुमारास त्यांच्या मनातील शंका बळावल्या होत्या. अथनेशियसच्या नावाने ओळखले जाणारे मतपत्र, ज्यात वेगळा विश्वास धरणाऱ्यांना शाश्वत दंड सांगितला आहे, ते उपासनेत उच्चारणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला मानवेना. ओठांनी म्हणावयाचे आणि मनाने नाकारावयाचे, ही सोय त्यांना सहज उपलब्ध होती. किती तरी पाद्री ती वापरीत असतील. अँड्र्यूज यांनी पाद्रीपणाचे काम बाजूला ठेवले आणि ते शांतिनिकेतनात रवींद्रनाथांकडे गेले. फिजीतील वेठबिगारीसारखी करारबद्ध मजुरी संपविण्यासाठी त्यांनी नंतर जे केले त्यामुळे लोकांनी त्यांना ‘दीनबंधु’ म्हटले. शंका ही श्रद्धेची वैरीणच असते असे नाही. खोटे बोलण्याचा मोह टाळणाऱ्याला ती कधी कधी सोबत करते.

रुद्र मात्र दिल्लीतच राहिले, आणि त्यांच्या वाट्याला रोजची, प्रापंचिक, न दिसणारी परीक्षा आली. १९१५ पासून गांधी दिल्लीला आले की त्यांच्या घरी उतरत. कॉलेज सरकारी अनुदानावर आणि इंग्रज धर्मसंस्थेच्या आधारावर चालणारे. पाहुणा राज्याला आव्हान देणारा. आपल्यामुळे तुमच्या कॉलेजला धोका पोहोचेल, असा संकोच गांधींनी बोलून दाखविला होता. आपली मते दीर्घ प्रार्थनेतून घडलेली आहेत, आणि इंग्रजांमधले आपले वजन आणि हा स्नेही यांपैकी एक गमावण्याची वेळ आलीच तर काय गमवावयाचे हे आपल्याला ठाऊक आहे, अशा आशयाचे उत्तर रुद्रांनी दिल्याचे गांधींनी त्यांच्या निधनानंतर १९२५ साली लिहून ठेवले आहे. असहकाराच्या योजनेला आकार आला आणि खिलाफतीसंबंधी व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदा झाला तो याच छपराखाली. ज्या असहकाराने सरकारी मदतीच्या कॉलेजांवर बहिष्कार सांगितला त्याचा मसुदा अशाच एका कॉलेजच्या प्राचार्यांच्या घरात व्हावा! रुद्रांनी कॉलेज बंद केले नाही आणि पाहुण्याला दारही बंद केले नाही. या दोन्हींत विसंगती आहे, असे म्हणणारे तेव्हाही असतील. पण प्रार्थना करून उठलेल्या माणसाच्या हातात नेहमीच एकसंध, नीटनेटके उत्तर पडते, ही समजूत प्रार्थनेचा अनुभव नसणाऱ्यांची आहे.

हे झाले नामांकितांचे. राजधानीत आज जी लक्षावधी सामान्य माणसे राहतात, त्यांच्यातल्या ख्रिस्ती माणसाची झुंज कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. बदली होऊन आलेला कारकून, गुडगावच्या कार्यालयात रात्रपाळी करणारा तरुण, केरळातून आलेली परिचारिका. कारकुनापुढे फाइल असते आणि फाइलीबरोबर येणारा गोड आवाज असतो. सगळेच घेतात, न घेणारा तेवढा शहाणा काय, हे सहकाऱ्यांचे वाक्य लाचेहून अधिक बोचते. रात्रपाळीच्या तरुणाला एकटेपण खाते, आणि हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर एकटेपणाला हवे ते सारे उपलब्ध असते. परिचारिकेला थकवा कठोर करतो. पहाटे चार वाजता पाचव्यांदा घंटा वाजविणाऱ्या रुग्णाशी मऊ बोलणे हे तिचे अरण्य. यांत कोठेही नाट्य नाही. सैतान शेपटी आणि शिंगे घेऊन येत नाही. तो कंटाळा होऊन येतो, चिडचिड होऊन येतो, शेजाऱ्याची नवी मोटार होऊन येतो.

अशा माणसाला धीर कसा द्यावा? पुष्कळ प्रवचनकार विजयाच्या भाषेत बोलतात; श्रद्धा ठेव म्हणजे मोह पळेल, असे सांगतात. मोह पळाला नाही की ऐकणाऱ्याला वाटते, श्रद्धेतच आपली काही खोट आहे. आणि त्या लज्जेने तो उपासनेलाच येईनासा होतो. हे औषध रोगाहून घातक. पौलाच्या पत्रांत याहून खरी गोष्ट आहे. त्याच्या देहात एक काटा होता. तो कोणता, हे त्याने सांगितले नाही आणि टीकाकारांनी अनुमाने करून शाई वाया घालविली. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला. मिळाली ती एवढीच हमी की, कृपा पुरेशी आहे. त्याच पौलाने करिंथकरांना कळविले की, त्यांच्यावर आलेला मोह हा माणसांना सामान्य असलेलाच आहे. या ‘सामान्य’ शब्दात केवढा दिलासा आहे! मोहात सापडलेल्याला वाटत असते की इतके घाणेरडे, इतके क्षुद्र मन जगात फक्त आपलेच. मोहाचे अर्धे बळ या एकलकोंडेपणात असते. म्हणूनच आरंभीच्या मंडळीत दोष एकमेकांजवळ कबूल करण्याची सूचना होती. एका विश्वासू मित्राजवळ उच्चारलेली गोष्ट रात्री पूर्वीइतकी मोठी दिसत नाही.

आणि पेत्राची गोष्ट आहे. अंगणात कोळशांची शेकोटी पेटलेली, थंडी, सभोवती नोकरचाकर. एका दासीने सहज विचारले आणि पट्टशिष्याने गुरूला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितले. तलवार काढणाऱ्या पेत्राला दासीच्या प्रश्नाने हरविले. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे आणखी एकदा कोळशांचा विस्तव येतो, समुद्रकिनाऱ्यावर, पहाटे, मासे भाजत ठेवलेले. तेथे पेत्राला तीनदा प्रेमाचा प्रश्न विचारला जातो. मागच्या रात्रीचा उल्लेखसुद्धा नाही. आधी न्याहारी, मग प्रश्न. पडलेल्याला उभे करण्याची ही रीत ज्याने लिहून ठेवली त्याला माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

झारखंड, छत्तीसगड, ओडिशा या भागांतून उरांव, मुंडा, खडिया समाजांच्या अनेक मुली आणि स्त्रिया दिल्लीच्या घरांत कामाला येतात; त्यांच्यात ख्रिस्ती पुष्कळ आहेत. चोवीस तास घरात राहणाऱ्या या बायकांना पगार कधी मिळेल, दार कधी उघडेल, हे मालकिणीच्या मर्जीवर असते. काही हरवले की पहिला संशय त्यांच्यावर येतो. त्यांच्यापुढे मोहापेक्षा परीक्षाच मोठी. रविवारची सुट्टी पुष्कळींना मिळत नाही. मिळाली तर तीही स्वयंपाक आटोपून, भांडी घासून, दुपारची. मग त्या दोघी-तिघींनी मिळून बसने चर्चला येताना दिसतात. केस नीट विंचरलेले, ठेवणीतली साडी किंवा सलवार-कमीज. उपासनेनंतर आवारात उभ्या राहून आपापल्या बोलीत बोलतात. गावाकडे कोणाचे पीक कसे आले, कोणाच्या भावाचे लग्न ठरले, कोणी काम सोडले, कोणाचे तीन महिन्यांचे पैसे अडकले आणि त्यासाठी कोणाकडे जावे. अंधार पडण्याच्या आत परत पोहोचावयाचे असते. निघताना एक दुसरीला विचारते, पुढच्या रविवारी सुटका होईल का, आणि दुसरी सांगते की मालकीणबाईंचे पाहुणे यावयाचे आहेत, बघू.